मुकी चकती

सुभेदार जोतीरामांना ढिली वस्तू डोळ्यांसमोर चालत नसे. लष्कराच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं ट्रकांचे नट आवळून ते कराडजवळच्या आपल्या गावी परतले आणि गावात जे जे हलत होतं ते ते हलायचं थांबलं. ग्रामपंचायतीचं फाटक, शेजाऱ्याच्या खाटेचा पाय, पिठाच्या गिरणीचा पट्टा. शाळेतला नळ तर त्यांनी असा आवळला की मास्तरांना तहान लागली की आधी पान्हा शोधावा लागायचा. हेतू चांगला होता, हे गावातलं कुणीही कबूल करील. पण चांगल्या हेतूच्या माणसाला आवरणं फार अवघड असतं.

याच उत्साहात त्यांनी कराडहून शंभर व्हिजिटिंग कार्डं छापून आणली होती. जाड, गुळगुळीत, निळ्या अक्षरांची. 'सुभेदार जोतीराम (निवृत्त). मोटारपंप, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी दुरुस्ती. आमच्याकडे ढिलं काम मिळणार नाही.' आता गावात कार्ड द्यायचं कुणाला? गावाला सुभेदार तसेही पाठ होते. शंभरच्या शंभर कार्डं रबर लावून सदऱ्याच्या खिशात पडून होती आणि सुभेदार परगावी जायच्या संधीची वाट बघत होते.

ती संधी त्यांच्या बायकोनं आणली. अंबूबाईंनी दोन वर्षांपूर्वी गावातल्या अकरा बायका गोळा करून लेझीमचा ताफा उभा केला होता. आजवर गावात लेझीम खेळावी गड्यांनी आणि बायकांनी ती ओट्यावरून बघावी, असा शिरस्ता. अंबूबाईंनी तीस जत्रा ओट्यावरून बघितल्या होत्या. एकतिसाव्या जत्रेला त्या पदर खोचून खाली उतरल्या. "लेझीम म्हंजे काय लाटणं हाय व्हय?" असं पारावरची मंडळी म्हणायला लागली, तेव्हा हलगी वाजवणारा म्हातारा बिराप्पा एकटा त्यांच्या बाजूनं उभा राहिला. आणि आता सांगलीला विश्रामबागेत महिलांच्या लेझीम स्पर्धेचं आवतण आलं होतं. रविवारी, दुपारी चार वाजता.

"नंबर ईल न ईल," अंबूबाई म्हणाल्या होत्या, "पण एकदा तरी परगावच्या मांडवात हुबं ऱ्हाऊन वाजवायची हाय मला. मग हात थकलं तरी चालंल."

स्पर्धा आठवड्यावर आली आणि लेझिमींनी मान टाकली. लेझीम म्हणजे काय, लाकडाची काठी, तिच्या दोन टोकांना जोडलेली साखळी. या ताफ्याच्या साखळीत दहा-दहा लोखंडी पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीच्या दोन अंगांना दोन चकत्या, मधून आरपार एक रिव्हेट. साखळी झटकली की चकत्या पट्टीवर आपटतात आणि झणकारा उठतो. दोन वर्षांच्या सरावानं काही रिव्हेटं झिजली होती. एका चकतीनं तर भर तालात उडी मारली आणि बिराप्पाच्या कपाळावर टेंगूळ आणलं.

"आष्ट्याला मदिनाबीकडं नेऊया," अंबूबाई म्हणाल्या. लेझिमी तिथूनच घेतल्या होत्या.

"आष्ट्याला?" सुभेदारांना हा स्वतःचा अपमान वाटला. "घरात मी असताना? अगं, ट्रकाच्या चासीला रिबिटं मारल्यात मी. हे तर चकत्यांचं काम."

अंबूबाई म्हणाल्या, "बरं. पण पडल्यात तेवढ्याच बसवा. बाकीच्याला हात लावू नगासा."

इथं सुभेदारांची बाजूही सांगायला हवी. अठ्ठावीस वर्षांत अंबूबाईंनी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. पोरं वाढवली, ऊस सांभाळला, सासू-सासऱ्यांचं केलं आणि सुटीवर आलेल्या नवऱ्याला गरम भाकरी वाढली. आता कुठं बाईला कशाची तरी हौस होती आणि ती हौस नेमकी सुभेदारांच्या हातातली होती. त्यांना भरून आलं. भरून आलेला माणूस सांगितलं तेवढंच काम करीत नाही.

सहा पडलेल्या चकत्या त्यांनी बसवल्या. मग सहज दुसरी चकती बोटानं हलवून बघितली. ती डुगडुगली. तिसरी डुगडुगली. बाराच्या बारा लेझिमी तपासल्या तर एकशे वीस रिव्हेटांपैकी त्यांनी आत्ता बसवलेली सोडली तर एकही धड आवळलेलं नाही! हा काय कारागिराचा हात म्हणायचा? तीन दिवस सुभेदार परड्यात बसून ठोकत होते. जुनं रिव्हेट उडवायचं, नवं लोखंडी घालायचं, खाली ऐरण, वर हातोडी, आधी मधोमध दोन ठोके, मग कडेनं फिरवत गोल डोकं. शनिवारी त्यांनी सगळ्या लेझिमी तेल लावून पुसल्या, धोतरात गुंडाळल्या आणि अंबूबाईंना सांगितलं, "उद्याच बघ."

रविवारी सकाळी आठ वाजता ताफा देवळापुढं जमला. निघण्याआधी देवापुढं एक फेरी खेळायची, असं ठरलं होतं. हिरव्या नऊवाऱ्या, केसांत गजरे, सगळ्यांच्या हातात चकचकीत लेझिमी. सुभेदार हाताची घडी घालून बाजूला उभे होते. बिराप्पानं हलगीवर काडी मारली. अंबूबाईंनी पहिला झटका दिला.

ठक्.

बारा लेझिमी एकदम झटकल्या गेल्या आणि देवळापुढं बारा फळ्या आपटल्यासारखा आवाज झाला. बिराप्पा थांबला. त्यानं पुन्हा सुरुवात केली. ठक्. ठक्. एका कुत्र्यानं मान वर करून बघितलं.

"सुभेदार," बिराप्पा म्हणाला, "ह्यांचा गळा कुणी धरला रं?"

अंबूबाईंनी आपली लेझीम कानाशी नेली. एक चकती बोटानं हलवायला गेल्या. चकती हलली नाही. दुसरी हलली नाही. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, आणि सुभेदारांना हिमालयातली जी थंडी अठ्ठावीस वर्षांत कधी वाजली नव्हती ती साताऱ्याच्या उन्हात वाजली.

"आवं, म्या काय सांगितलं हुतं?" एवढंच त्या म्हणाल्या. मग लेझीम काखेत मारून पिकअपमध्ये जाऊन बसल्या. "क्रांती, गाडी काढ. आष्ट्याला घे."

क्रांती ही त्यांची सून. दुधाचा पिकअप तीच चालवायची आणि ताफ्यात शेवटच्या ओळीत तीच खेळायची. मागं सतरंजीवर अकरा बायका, बिराप्पा आणि हलगी. सुभेदार हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन एका कोपऱ्यात. रोज ज्या बायकांचं तोंड एसटीच्या आवाजावर मात करायचं, त्या आज मुक्या झाल्या होत्या. पेठ नाका गेला, उसाचे ट्रॅक्टर मागं पडत गेले. सुभेदारांनी एकदा घसा खाकरला. कुणी बघितलं नाही. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं आणि वाईट वाटण्याची सवय नसल्यामुळे हात कुठं ठेवावेत तेच कळत नव्हतं.

साडेदहाला ते आष्ट्यात पोचले. मदिनाबींचं दुकान बाजाराच्या कडेला होतं. स्टो, बिजागऱ्या, बँडवाल्यांची झांज, सगळ्यांची डागडुजी तिथं व्हायची. नवरा गेल्यापासून वीस वर्षं त्या एकट्या ऐरणीवर बसत होत्या. साठी ओलांडलेली बाई, डोळ्याला जाड चष्मा, मनगट मात्र पैलवानाचं. त्यांनी एक लेझीम उचलली, एकदा झटकली आणि परत ठेवली.

"ही माझीच लेझीम," त्या म्हणाल्या. "पर हिला मारली कुणी?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुभेदारांनी मान खाली घातली. तेवढ्यात अंबूबाई पुढं झाल्या.

"बाजारात एक फिरता कारागीर आला हुता, मदिनाभाभी. त्याच्याकडं दिल्या. आमच्या ह्यांनी नगं म्हणून सांगितलं हुतं, पर मीच ऐकलं न्हाई."

सुभेदारांचे कान तापले. गाडीत बसल्यापासून जी बाई त्यांच्याशी अवाक्षर बोलली नव्हती, ती परक्या दारात त्यांचं नाव खाली पडू देत नव्हती. एवढ्या वर्षांत तिनं अशी किती वेळा आपली बाजू राखली असेल, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला, आणि त्यांना तो सोसला नाही.

"कारागीर-बिरागीर कुणी न्हाई," ते म्हणाले. "मी केलंय. हिनं नगं म्हटलं हुतं, तरी केलं. मला वाटलं, सगळंच ढिलं हाय."

मदिनाबींनी चष्मा वर केला, सुभेदारांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मग एक रिव्हेट उजेडात धरून बघितलं.

"हात चांगला हाय तुमचा," त्या म्हणाल्या. "डोकं गोल, बराबर मधोमध, कड कुठं चिरलेली न्हाई. पर आवं सुभेदार, दार आन् भिंत एकाच हातानं बांधून चालतंय व्हय? चासीचं रिबीट धरून ठिवायला असतंय. हे फिरू द्यायला असतंय. कातरीचं बगा, सांडशीचं बगा. घट्ट केली तर सांडशी भांडं उचलंल का?"

"न्हाई," सुभेदार म्हणाले.

"मग बसा हिकडं."

त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. लोखंडी रिव्हेट काढून मऊ ॲल्युमिनियमचं घालायचं, म्हणजे चकतीचं भोक खात नाही. रिव्हेटची जितकी जाडी, त्याच्या दीडपट टोक वर राहू द्यायचं. कमी राहिलं तर डोकं होत नाही, जास्त राहिलं तर वाकतं. खालचं डोकं ऐरणीच्या खळग्यात बसलेलं हवं. हे सगळं सुभेदारांना येत होतं. त्यांना येत नव्हती ती पुढची गोष्ट. मदिनाबींनी गल्ल्याखालून पत्र्याची एक छोटी कापटी काढली, तिला मधोमध खाच होती. ती त्यांनी चकती आणि पट्टीच्या मधे सरकवली, रिव्हेट खाचेत आलं. मग ठोके दिले आणि कापटी ओढून काढली. कापटीच्या जाडीइतकी फट मागं राहिली. त्यांनी पट्टी हलवली.

छन्न.

अंबूबाईंचा चेहरा उजळला. "ह्यो आवाज!"

"ह्यो आवाज. पर माझ्याकडं कापटी एकच," मदिनाबी म्हणाल्या. "एकटीनं मारायचं तर दिवस मावळंल. तुमाला कवा निघायचं हाय?"

"दोनला तरी."

साडेतीन तास आणि एकशे वीस रिव्हेटं. तीन ठिकाणी हातोडी चालली तरच जमणार होतं, म्हणजे आणखी कापट्या हव्यात, त्याही नेमक्या जाडीच्या. नवा पत्रा कापत बसायला वेळ नव्हता. क्रांतीनं वर्तमानपत्राची घडी करून बघितली. पहिल्याच ठोक्याला तिचा भुगा झाला. गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा पातळ पडला. दुकानात एक मखमली लग्नपत्रिका होती, ती इतकी जाड निघाली की चकती कानातल्या डुलासारखी लोंबायला लागली.

"गुळगुळीत पायजे, दमदार पायजे आन् दुमडता आलं पायजे," मदिनाबी म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांची नजर सुभेदारांच्या खिशावर थांबली. "ते काय हाय?"

सुभेदारांचा हात आपसूक खिशावर गेला. "काय न्हाई. कार्डं हाइत."

"बगू."

नाइलाजानं त्यांनी एक कार्ड दिलं. मदिनाबींनी ते बोटांत वाकवून बघितलं, मग चष्मा खाली घेऊन मोठ्यानं वाचलं: "आमच्याकडे ढिलं काम मिळणार नाही."

आधी क्रांती हसली. तिनं सासऱ्यांचा मान म्हणून पदर तोंडात धरला होता, पण उपयोग झाला नाही. मग बिराप्पा हसला, मग सगळ्या बायका, आणि शेवटी डोळे पुसत अंबूबाई. सकाळपासून ताफ्यातून निघालेला हा पहिला मोकळा आवाज. मग सुभेदारांनाही हसू आलं, आणि त्यांनी खिशातून सगळी चवड काढून रबर तोडून टाकला.

"घ्या," ते म्हणाले. "शंभर हाइत."

कार्ड दोनदा दुमडलं की जाडी नेमकी येत होती. दोघी बायका कात्रीनं खाचा पाडायला बसल्या. क्रांतीनं ड्रिल धरून जुन्या रिव्हेटांची डोकी उडवायला घेतली. चौघी खिळ्यानं उरलेलं टोक ठोकून बाहेर काढत होत्या, बाकीच्या नवं रिव्हेट घालून पट्टी पुढं सरकवत होत्या. एका ऐरणीवर मदिनाबी, दुसरीवर सुभेदार. तिसरी ऐरण नव्हती, म्हणून तराजूचं दहा किलोचं वजन उलटं ठेवलं. त्यापुढं कोण बसणार, असा प्रश्न पडला तेव्हा अंबूबाई पदर खोचून बसल्या.

"तुला जमंल?" सुभेदारांनी विचारलं.

"भाकरी थापतानं हात मधनं कडंला जातो का न्हाई?" अंबूबाई म्हणाल्या. "हे बी तसंच हाय."

आणि खरंच, त्यांचे ठोके सुभेदारांपेक्षा हलके आणि नेमके पडत होते. सुभेदारांचा हात मात्र सारखा चुकत होता. शेवटचा ठोका द्यायची त्यांची जुनी खोड, सगळं झाल्यावर आणखी एक, खात्रीचा. त्या एका ठोक्यानं कार्ड चेपून फट जायची. दोनदा मदिनाबींनी त्यांचं मनगट धरलं. तिसऱ्या वेळी अंबूबाईंनी आपल्या जागेवरून नुसतं "आवं" म्हटलं आणि हातोडी हवेतच थांबली. त्यानंतर तो ठोका पडला नाही. सुभेदारांना ते फार जड गेलं. पण पट्टी हलवली की छन्न व्हायचं आणि ते शेजारी बघायचे, बायकोनं ऐकलं का म्हणून.

दोनला दहा मिनिटं कमी असताना एकशे विसावं रिव्हेट बसलं. जमिनीवर चेपलेल्या, फाटलेल्या कार्डांचा सडा पडला होता. मदिनाबींनी मजुरी सांगितलीच नाही. "खेळून या," एवढंच म्हणाल्या, "आन् एक चांगलं कार्ड ठिवून जावा. स्टोच्या कामाला माणूस लागतो मला."

विश्रामबागेतलं मैदान भरलं होतं. कॉलेजच्या पोरींचे ताफे, शाळांचे ताफे, एकसारखे फेटे, एकसारखे बूट. अंबूबाईंच्या ताफ्यातल्या बायकांच्या नऊवाऱ्यांना ॲल्युमिनियमचा भुगा लागला होता आणि क्रांतीच्या नाकावर काळा डाग होता. नाव पुकारलं गेलं. बाराजणी ओळीनं उभ्या राहिल्या. सुभेदार मांडवाच्या खांबाशी उभे होते. आपल्याच हातानं आपण बायकोचा हा दिवस बुडवला असता, या विचारानं त्यांनी खांब घट्ट धरून ठेवला. बिराप्पानं काडी उचलली तसे त्यांनी डोळे मिटून घेतले.

झण्ण!

बारा साखळ्या एका झटक्यात बोलल्या. मग दुसरा झटका, मग तिसरा, मग हलगी चढत गेली तशा लेझिमी चढत गेल्या. सुभेदारांनी डोळे उघडले. अंबूबाई सगळ्यांच्या पुढं होत्या, वाकत होत्या, वळत होत्या, झटक्याबरोबर त्यांचा गजरा सुटून खांद्यावर आला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. ही बाई कोण, असं सुभेदारांना वाटून गेलं. आपल्या घरात राहते आणि आपल्याला माहीत नाही! त्यांचे डोळे भरून आले. शेजारच्या माणसानं "कुठला ताफा?" असं विचारलं. खिशात हात घातला तर कार्ड एकही नव्हतं. "आमच्या मंडळींचा," ते म्हणाले.

नंबर आला उत्तेजनार्थ. त्यावर क्रांती परीक्षकांशी भांडायला निघाली होती, तिला दोघींनी धरून आणलं. मग सगळ्यांनी मिळून भडंग खाल्लं, आणि उन्हं उतरल्यावर गाडी कराडच्या वाटेला लागली. आता मागं बायकांची तोंडं एसटीच्या वर चालली होती.

अंबूबाई मात्र लेझीम मांडीवर घेऊन एकेक चकती बोटानं टिचकावत होत्या. छन्न, छन्न, छन्न. मधेच एक चकती बोलली नाही. सुभेदार चपापले. त्यांनी खिशातला चष्मा काढून बघितलं. चकती आणि पट्टीच्या मधे कार्डाची घडी अडकून राहिली होती, ओढताना तुटलेली. वरच्या बाजूला निळ्या अक्षरांत 'जोतीराम' एवढं शाबूत होतं.

"थांब, काढतो," ते म्हणाले आणि पेटीतला चिमटा शोधू लागले.

अंबूबाईंनी लेझीम आपल्याकडे ओढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "बाकीच्या समद्या बोलत्यात न्हवं? एवढी एक गप बसू द्या. जोतीराम नावाचं कायतरी गप बसलेलं एकदा तरी बघायचं हुतं मला."

सगळ्या बायका खो खो हसल्या. बिराप्पानं हलगीवर एक काडी मारली. सुभेदारांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, अंबूबाईंकडे बघितलं, आणि पुन्हा मिटलं.